पाहुणे दहा आठवड्यांचे: व्हाइट माउंटन्स आणि कॅटस्किलमधली जुनी भव्य हॉटेलं

घाटवाट (धागाकर्ता)

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडातली मराठी मंडळी ऑक्टोबर आला की पानांचे रंग बघायला न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्सकडे गाड्या काढतात. रूट ३०२ ने क्रॉफर्ड नॉचची खिंड ओलांडून थोडं पुढे गेलं की उजव्या हाताला, मोकळ्या मैदानापलीकडे, लाल छपराचा पांढराशुभ्र महाल दिसतो. बहुतेक जण गाडी कडेला लावून फोटो काढतात आणि पुढे निघतात. ते माउंट वॉशिंग्टन हॉटेल, १९०२ सालचं. पण याच डोंगरांत त्याच्या आधी कितीतरी मोठी हॉटेलं उभी होती: क्रॉफर्ड हाउस, फेबियन हाउस, प्रोफाइल हाउस, ग्लेन हाउस, मेपलवुड. आज त्यांतली बहुतेक फक्त जुन्या पोस्टकार्डांवर उरली आहेत. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायचं फार दिवस मनात होतं.

सुरुवात मात्र न्यूयॉर्क राज्यात झाली. हडसन नदीच्या पश्चिमेला कॅटस्किलचे डोंगर आहेत. त्यांच्या पूर्व कड्यावर, अगदी टोकाला, १८२४ साली कॅटस्किल माउंटन हाउस उघडलं. न्यूयॉर्क शहरातून बोटीने हडसनवरून कॅटस्किल गावापर्यंत यायचं आणि तिथून घोडागाडीने काही तास चढ चढायचा. वर पोचलं की समोर तेरा उंच खांबांची पांढरी इमारत आणि पायाखाली सगळं हडसनचं खोरं. पहाटे उठून सूर्योदय बघणं हा तिथला नेम होता. थॉमस कोल हा चित्रकार १८२५ मध्ये या भागात आला, आणि त्याच्या व त्याच्या मागून आलेल्या चित्रकारांच्या चित्रांमुळे हे डोंगर शहरातल्या दिवाणखान्यांत जाऊन पोचले. ज्या रानाला आधीची पिढी घाबरून होती, ते रान बघायला आता लोक पैसे मोजू लागले.

व्हाइट माउंटन्समध्ये लोकांचं लक्ष वेधलं ते एका दुर्घटनेने. ऑगस्ट १८२६ मध्ये क्रॉफर्ड नॉचमध्ये मोठी दरड कोसळली. विली नावाचं कुटुंब घर सोडून बाहेर पळालं आणि त्या मलब्याखाली सापडलं. घराच्या वरच्या अंगाला एक खडक होता, त्याच्यावर दरड दुभंगली आणि रिकामं घर जसंच्या तसं उभं राहिलं. ते घर बघायला माणसं येऊ लागली, त्यांना मुक्कामाला जागा हवी झाली. क्रॉफर्ड घराण्यातल्या लोकांनी १८१९ मध्येच माउंट वॉशिंग्टनच्या दिशेने पायवाट काढली होती. ती आजही वापरात आहे, तिच्यावरून चालता येतं.

खरा जोर आला तो रेल्वेमुळे. १८७५ मध्ये क्रॉफर्ड नॉचमधून रूळ गेले आणि बॉस्टन-न्यूयॉर्कचा पाहुणा आगगाडीतून थेट हॉटेलजवळ उतरू लागला. शहरात उन्हाळा म्हणजे उकाडा, घाण, साथी. ज्याला परवडे तो कुटुंबाला जुलैच्या सुरुवातीला वर पाठवून द्यायचा. बायका-मुलं, दाया, मोठमोठ्या पेट्या, सगळं वर. कर्ता पुरुष शहरात कामधंदा बघायचा आणि जमेल तसा येऊन-जाऊन राहायचा. खोलीभाड्यातच तिन्ही वेळचं जेवण. हंगाम जेमतेम दहा आठवड्यांचा, सप्टेंबरात तो ओसरायचा. बेथलेहेम गावी थोडा लांबायचा, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात परागकणांनी शिंका, डोळे वाहणं, दमा यांनी बेजार झालेले लोक तिथल्या हवेत बरं वाटतं म्हणून खास येऊन राहायचे. त्यांची स्वतःची संघटनासुद्धा होती.

दिवस कसा जायचा याची कल्पना व्हरांड्यावरून येते. माउंट वॉशिंग्टन हॉटेलचा व्हरांडा आजही तसाच आहे, इमारतीला वेढत नऊशे फुटांच्या आसपास जातो. तिथे ओळीने खुर्च्या. समोर प्रेसिडेन्शियल रांग, म्हणजे माउंट वॉशिंग्टन आणि त्याच्या शेजारची शिखरं. सकाळी शिखर ढगात असतं, मग ढग तळाकडून फाटत जातो आणि उतारावर मधोमध एक धुराची बारीक रेघ दिसते, ती शिखराकडे चाललेल्या दातेरी रुळांच्या गाडीची. खुर्चीत बसून हे बघत राहणं, मग जेवण, मग थोडं फिरणं, रात्री वाद्यवृंद आणि नाच. फुलांनी मढवलेल्या घोडागाड्यांच्या मिरवणुका निघायच्या, त्यात हॉटेलाहॉटेलांत चढाओढ असायची.

आणि मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट: माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर, ६,२८८ फुटांवर, १८७७ पासून उन्हाळ्यात रोज वर्तमानपत्र छापलं जायचं. कोणत्या हॉटेलात कोण उतरलं आहे त्यांच्या याद्या त्यात असायच्या. गाडीने वर आलेला पाहुणा आपलं नाव छापलेलं पान घेऊन खाली जायचा. जून १९०८ मध्ये शिखरावर आग लागली, त्यात हॉटेल आणि छापखाना दोन्ही गेले. वाचलं ते १८५३ सालचं दगडी टिप टॉप हाउस.

आगीशिवाय या हॉटेलांचा इतिहास सांगताच येत नाही. पाइन आणि स्प्रूसच्या लाकडाच्या चार-पाच मजली इमारती, तेलाचे आणि गॅसचे दिवे, जुनाट धुराडी, डोंगरावर पाण्याचा तुटवडा, आणि वर्षातले आठ-नऊ महिने कुलूप. प्रोफाइल हाउस १९२३ मध्ये जळालं, फेबियन हाउस १९५१ मध्ये, मेपलवुड १९६३ मध्ये, क्रॉफर्ड हाउस १९७७ मध्ये. ग्लेन हाउस एकाच जागी पुन्हा पुन्हा उभारलं गेलं आणि पुन्हा पुन्हा जळालं.

पण आगीनंतर पूर्वी नवं हॉटेल बांधलं जायचं. १९२० नंतर ते थांबलं, आणि त्याचं कारण मोटार. स्वतःची गाडी आल्यावर दोन महिने एका जागी कोण राहणार? आज इथे, उद्या तिथे, रात्री रस्त्याकडेच्या स्वस्त खोलीत. चारशे खोल्यांचं हॉटेल एका रात्रीच्या पाहुण्यावर चालत नाही. पुढे मंदी आली, मग युद्ध.

माउंट वॉशिंग्टन हॉटेल टिकलं, त्याला जोसेफ स्टिकनी या कोळसा आणि रेल्वेतल्या धनिकाने ओतलेला पैसा कारणीभूत आहे. पोलादी सांगाडा, दोन-अडीचशे इटालियन कारागीर, स्वतःची वीज. स्टिकनी बिचारा १९०३ मध्ये वारला, जेमतेम दोन हंगाम त्याच्या वाट्याला आले.

कॅटस्किल माउंटन हाउसचा शेवट सगळ्यांत वेगळा. ते अपघाताने जळालं नाही. २५ जानेवारी १९६३ च्या पहाटे न्यूयॉर्क राज्याच्या वनसंवर्धन खात्याने ते स्वतः पेटवलं. १९४० च्या दशकात दारं बंद झाली होती, वादळांनी खांब पाडले होते, आणि जागा राज्याच्या ताब्यात आली होती. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत १८९४ पासून तरतूद आहे की ही वनभूमी कायम रानच राहील. मग रानात इमारत कशी ठेवायची?

मला ते जाळणं चुकीचं वाटतं, आणि त्यावर इथे बोलायला आवडेल. आज त्या जागी गवत आहे. कड्यावरच्या खडकांत एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्यांनी कोरलेली नावं आहेत. पाटीवर कोरावीत तशी ठळक, सुबक अक्षरं, खाली साल. एवढ्या निगुतीने नाव कोरायला अख्खी दुपार लागली असेल. तेवढी फुरसत त्या माणसांकडे होती, आणि ती देणारी वास्तू आपण डोळ्यांदेखत पेटवून दिली याचं मला मनापासून दुःख होतं.

---

रूळवेडा

फार छान धागा. दातेरी रुळांच्या गाडीबद्दल थोडी भर घालतो, कारण डोंगर चढणारी अशी ती जगातली पहिली.

सिल्व्हेस्टर मार्श या गृहस्थाने १८५८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाकडे परवानगी मागितली, तेव्हा सभागृहात हशा पिकला, चंद्रापर्यंत रूळ टाकायची परवानगीही देऊन टाका म्हणून. परवानगी मिळाली, आणि १८६९ मध्ये गाडी शिखरावर पोचली. दोन रुळांच्या मधे शिडीसारखी दात्यांची पट्टी आणि इंजिनाखाली त्यात अडकणारं दातेरी चाक. सरासरी चढ शंभराला पंचवीस, एका ठिकाणी सदतीसच्या वर. स्वित्झर्लंडमधली रिगीची गाडी त्यानंतर दोन वर्षांनी, १८७१ मध्ये आली. आपल्याकडची निलगिरीची गाडी याच पंथातली. माथेरानची मात्र नाही, ती दात्यांशिवाय, वळणं घेत घेत चढते.

वाफेच्या इंजिनाचा बाष्पक (बॉयलर) चढावर तिरका झाला तर पाणी एका बाजूला जाऊन नळ्या उघड्या पडतात. म्हणून तिथल्या इंजिनांचा बाष्पक मुळातच पुढे कललेला बसवतात. सपाट जागेवर उभं असताना इंजिन नाक खुपसल्यासारखं दिसतं, चढाला लागलं की बाष्पक बरोबर आडवा होतो.

रुळांची देखभाल करणारे कामगार संध्याकाळी खाली कसे यायचे? दात्यांच्या पट्टीवर एक फळी ठेवायची, तिच्यावर बसायचं आणि हाताने ब्रेक लावत घसरत यायचं. तीन मैलांचा उतार तीन मिनिटांच्या आत उतरल्याची नोंद आहे. लोकांचे जीव गेले, मग ती पद्धत बंद झाली.

---

केशरीपान

वाखुसा (वाचनखूण साठवली). हा भाग आम्ही इतक्या वेळा पाहिला, पण हॉटेलाच्या आत कधी गेलो नाही. राहायचं नसेल तरी आत जाऊ देतात का? आणि नाणेनिधी व जागतिक बँक जिथे ठरली ती ब्रेटन वुड्स परिषद झाली ती हीच जागा ना?

---

घाटवाट

@रूळवेडा, बाष्पकाची माहिती मला नवी आहे, आभार. ओटिस ही लिफ्टवाली कंपनी ठाऊक असेलच. तिने १८९२ मध्ये कॅटस्किल माउंटन हाउससाठी कड्यावरून सरळ वर जाणारी, दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे बांधली. काही तासांचा घोडागाडीचा प्रवास दहा मिनिटांवर आला. १९१८ मध्ये ती मोडीत निघाली.

@केशरीपान, हो, तीच जागा. व्हरांड्यात आणि तळमजल्यावर फिरता येतं. करारावर सह्या झाल्या ती गोल्ड रूम तळमजल्यावरच आहे.

---

हिशेबनीस

ब्रेटन वुड्सचा विषय निघालाच आहे तर मराठी माणसाने हे वाचायलाच हवं.

१ ते २२ जुलै १९४४. चव्वेचाळीस देश, सातशेहून जास्त प्रतिनिधी. युद्धामुळे हॉटेल १९४२ पासून बंद होतं, ते घाईघाईने साफसफाई करून उघडलं. वॉशिंग्टन शहरातला जुलैचा उकाडा नको असा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सचा आग्रह होता, त्याला हृदयाचा त्रास होता. म्हणजे शंभर वर्षं ज्या कारणासाठी लोक या डोंगरांत येत होते, त्याच कारणासाठी नाणेनिधी आणि जागतिक बँकही तिथे जन्माला आली.

हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले होते. शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज, सोबत षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि थिओडोर ग्रेगरी. देश पारतंत्र्यात, पण टेबलावर आपली जागा स्वतंत्र.

मुख्य मुद्दा स्टर्लिंग शिलकीचा. युद्धात हिंदुस्थानातून माल आणि सेवा घेतल्या गेल्या आणि त्यांचे पैसे लंडनमध्ये कागदावर जमा होत गेले. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम १ अब्ज पौंडांच्या वर गेली. इथे बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती आणि तिकडे आपलेच पैसे अडकलेले. नाणेनिधीने त्यातला काही भाग तरी वापरता येईल असं करावं ही आपली मागणी होती. ती फेटाळली गेली, ब्रिटन आणि हिंदुस्थानने आपसात बघून घ्यावं असं ठरलं. कोट्याच्या, म्हणजे नाणेनिधीतल्या प्रत्येक देशाच्या वाट्याच्या, बाबतीत मात्र आपली माणसं भांडली. ४० कोटी डॉलर मिळाले, सहावा क्रमांक. पुढे सोव्हिएत रशिया सामील झाला नाही, त्यामुळे पहिल्या पाचांत आलो आणि कार्यकारी मंडळावर हक्काची जागा मिळाली.

हेच चिंतामणराव १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले. त्या हॉटेलात जाल तेव्हा त्यांची आठवण जरूर काढा.

---

घाटवाट

@हिशेबनीस, या प्रतिसादाबद्दल मनापासून धन्यवाद. गोल्ड रूममधल्या गोल टेबलापाशी उभं राहिल्यावर आपल्याकडचं कोण इथे होतं हा प्रश्न पडतोच.

---

दुसरीबाजू

लेख आवडला, पण हळहळीला थोडा आवर घालावासा वाटतो. ही हॉटेलं सगळ्यांसाठी नव्हती. १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या ग्रँड युनियन हॉटेलने जोसेफ सेलिगमन या नामांकित बँकरला तो ज्यू आहे म्हणून जागा नाकारली. ते हॉटेल डोंगरातलं नव्हतं, पण त्यानंतर ही चाल सगळीकडे पसरली. ज्यू पाहुणे घेणार नाही असं डोंगरांतल्या हॉटेलांच्या जाहिरातींत सरळ छापलेलं असायचं. कृष्णवर्णीय माणूस आत यायचा तो वाढपी म्हणून किंवा सामान उचलायला. कॅटस्किलच्या दक्षिणेला ज्यू मालकांनी स्वतःची हॉटेलं काढली, त्यामागे हे कारण आहे. हॉटेलांना अशी मनाई करायला कायद्याने बंदी आली १९६४ मध्ये, तोवर निम्मी हॉटेलं जळून गेली होती.

आणि राज्याने कॅटस्किल माउंटन हाउस जाळलं ते मला योग्यच वाटतं. रान कायम रान राहील असं लिहिलंय तर ते पाळायला हवं. एकदा अपवाद केला की पुढचा माणूस दुसरा अपवाद मागतो. आपल्याकडच्या वनजमिनींचं काय होतं ते आपण रोज बघतो.

---

घाटवाट

@दुसरीबाजू, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. ते लेखात यायला हवंच, आणि तुम्ही नेमकं लिहिलंत.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. ते रान वाचलं त्यात या हॉटेलांचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हाइट माउंटन्समध्ये लाकूड कंपन्यांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले. मागे राहिलेल्या फांद्यांना आगी लागायच्या, नद्यांना पूर यायचे. तेव्हा आरडाओरडा करणाऱ्यांत हॉटेलवाले पुढे होते, कारण व्हरांड्यातून बोडका डोंगर बघायला कोणी येत नाही. त्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे. पण त्या रेट्यातूनच १९११ चा वीक्स कायदा झाला आणि सरकारला पूर्वेकडच्या राज्यांत खासगी जमीन विकत घेऊन राष्ट्रीय वनं करता आली. व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट त्यातूनच उभं राहिलं.

प्रोफाइल हाउसचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १९२३ मध्ये ते जळाल्यावर मालकांनी फ्रँकोनिया नॉचची सगळी जमीन, सुमारे ६,००० एकर, विकायला काढली. लाकूडतोडीसाठी ती जाणार हे दिसत होतं. राज्याने २ लाख डॉलर दिले, जेम्स स्टॉरो या दिवंगत बॉस्टनच्या बँकरच्या इस्टेटीतून १ लाख मिळाले आणि उरलेले १ लाख लोकांनी उभे केले. महिला मंडळांनी मोहीम चालवली: एक डॉलर द्या, एक झाड विकत घ्या. शाळेतल्या मुलांनीसुद्धा पैसे दिले. १९२८ मध्ये ती जागा सार्वजनिक उद्यान झाली.

म्हणून म्हणतो, ज्या वास्तूने लोकांना डोंगर बघायला शिकवलं, तिचा एखादा खांब, एखादा जोता तरी राखायला काय हरकत होती? कायद्यात बसवायचं ठरवलं असतं तर बसलं असतं.

---

दुसरीबाजू

झाडांच्या मोहिमेचं माहीत नव्हतं, फार चांगलं आहे. तरी इमारत राखणं म्हणजे छप्पर, पहारा, रस्ता, वाहनतळ. पडकी लाकडी इमारत तशीच सोडली तर कोणीतरी आत जाऊन जीव गमावणार. माझं मत कायम.

---

आत्याबाई

दोघांचंही वाचलं. मी न्यू जर्सीत राहते, आमच्याकडून मोहोंकचं हॉटेल जवळ पडतं. त्याचा उल्लेख कसा नाही? मुलीच्या लग्नानंतर व्याह्यांसोबत गेलो होतो. तळ्याकाठी दगडी आणि लाकडी बुरुजांची ती इमारत अजून त्याच घराण्याकडे आहे म्हणतात. खोलीत लाकूड जळणारी शेकोटी होती आणि संध्याकाळी चार वाजता सगळ्यांना चहा-बिस्किटं. घाटवाट, त्याबद्दल लिहा ना.

---

घाटवाट

@आत्याबाई, नमस्कार. मोहोंकवर वेगळं लिहायचं म्हणून इथे टाळलं होतं, पण तुम्ही विचारलंत तर थोडक्यात सांगतो.

आल्बर्ट आणि आल्फ्रेड स्मायली हे जुळे भाऊ, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, पेशाने शिक्षक. १८६९ मध्ये आल्बर्टने तळं आणि भोवतालची जमीन घेतली. तिथे आधी एक दारूचा गुत्ता होता. स्मायलींनी दारू, नाच आणि पत्ते तिन्ही बंद केले, आणि तरीही हॉटेल भरून वाहू लागलं! १८९५ पासून दर वर्षी तिथे आंतरराष्ट्रीय लवादावर परिषद भरायची, देशांनी भांडणं युद्धाऐवजी पंचांसमोर सोडवावीत म्हणून. पहिल्या महायुद्धात ती बंद पडली. घराणं तेच आहे, हे तुम्ही बरोबर ऐकलंय.

आणि @दुसरीबाजू, हे तुमच्यासाठी: ज्या १९६३ साली राज्याने कॅटस्किल माउंटन हाउस पेटवलं, त्याच साली स्मायली कुटुंबाने मोहोंक ट्रस्ट काढला. भोवतालचं रान त्या संस्थेकडे सोपवत गेले आणि हॉटेल स्वतः चालवत राहिले. रान राखायचं म्हणून हॉटेल पाडावं लागलं नाही.

---

रूळवेडा

मोटारीने हॉटेलं मारली हे पटलं. माथेरानला १९०७ मध्ये गाडी आली आणि मोटारींना मात्र गावात बंदी राहिली, त्याचा तिथल्या जुन्या बंगल्यांना आणि हॉटेलांना किती फायदा झाला असेल, यावर कुणी जाणकाराने धागा काढावा.

माउंट वॉशिंग्टन हॉटेल पुढे कशावर तगलं?

---

घाटवाट

@रूळवेडा, बर्फावर. शेजारी १९७३ मध्ये स्कीइंगचे उतार सुरू झाले, पण हॉटेल उन्हाळ्यापुरतं बांधलेलं, भिंतींत ऊब धरणारं काही नाही. १९९१ मध्ये ते लिलावात निघालं. आसपासच्याच काही व्यावसायिकांनी मिळून ३१ लाख ५० हजार डॉलरला घेतलं. त्यांनी टप्प्याटप्प्याने खिडक्या, तापवण्याची यंत्रणा, नळ सगळं बदलत नेलं आणि १९९९ मध्ये हॉटेल पहिल्यांदा हिवाळ्यात उघडं राहिलं. दहा आठवड्यांचा हंगाम बारा महिन्यांचा झाला, म्हणून ते उभं आहे. डिक्सव्हिल नॉचमधलं बाल्सम्स हॉटेल मात्र २०११ मध्ये बंद पडलं.

---

केशरीपान

या ऑक्टोबरात सासू-सासरे येताहेत. सासऱ्यांना चिंतामणरावांबद्दल फार आदर आहे, त्यांना गोल्ड रूम दाखवणार. वाटेत फ्रँकोनिया नॉच होईल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार चालणं नको.

---

घाटवाट

@केशरीपान, सहज होईल. फ्रँकोनिया नॉचमध्ये प्रोफाइल लेकच्या काठापर्यंत सपाट वाट आहे, तिथे बाक आहेत. कड्यातला दगडी चेहरा, ज्याच्यावरून प्रोफाइल हाउसला नाव मिळालं, तो ३ मे २००३ ला कोसळला. तो पूर्वी कसा दिसायचा ते तिथे काठावर उभं राहून बघायची सोय केली आहे. तिथून रूट ३ आणि ३०२ ने ब्रेटन वुड्स गाठा. सकाळी लवकर निघा, त्या दिवसांत दुपारनंतर रस्ता तुंबतो.